कपाटातले बाबा आणि मृत्युपत्रातलं गाव

आमचे बाबा जिन्याखालच्या कपाटात होते. एका बाजूला व्हॅक्यूम क्लीनर, दुसऱ्या बाजूला ख्रिसमसच्या झाडाचं खोकं आणि मधे बाबा, क्रिमेटोरियमने दिलेल्या चॉकलेटी रंगाच्या प्लास्टिकच्या बरणीत. यात अनादर काडीचाही नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक लगेच भुवया उंचावतात. सुरुवातीला आम्ही त्यांना दिवाणखान्यातच ठेवलं होतं. पण आलेल्या पाहुण्याची नजर बोलता बोलता तिकडे जायची, आणि मग त्याच्या हातातलं बिस्किट हातातच राहायचं. जेवणाच्या खोलीत ठेवून पाहिलं, तर माझी बायको बेरिल म्हणाली, "क्लेमेंट, मी वाटाणे वाढत असताना ते माझ्याकडे बघतात." शेवटी कपाट. तिथून गरम पाण्याचा पाइप जातो, त्यामुळे ऊब असते. बाबांना गारठ्याचा फार त्रास व्हायचा.

त्यांना कुठे न्यायचं हेच मुळी आम्हाला ठाऊक नव्हतं. इस्पितळात शेवटच्या दिवसांत त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "मला ऑकरलला ठेव. आपण मूळचे तिथले."

मी विचारलं, "बाबा, हे ऑकरल आहे कुठे?"

"कुणालाही विचार," बाबा म्हणाले, "सांगतील."

बाबा जन्मभर इप्सविचच्या बसवर कंडक्टर होते. कुठे उतरायचं हे माणसाने विचारावं आणि दुसऱ्याने सांगावं, यात अवघड ते काय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. मी विचारलं. निदान शंभर लोकांना विचारलं असेल. नकाशात ऑकरल नाही, पोस्टाच्या यादीत नाही, बसच्या वेळापत्रकात तर नाहीच. त्यांच्या आजोबांच्या तोंडी तो शब्द होता एवढंच कळलं. मग दिवस गेले, वर्षं गेली आणि बाबा कपाटात राहिले. व्हॅक्यूम क्लीनर काढताना मी रोज "सॉरी, बाबा" म्हणायचो, त्याचीही सवय होऊन गेली.

आणि मग ख्रिसमसच्या आधी मूरिएलचा फोन आला. मूरिएल माझी थोरली बहीण. क्रॉयडनला राहते, आणि तिथे राहून सगळ्या इंग्लंडवर देखरेख ठेवते.

"क्लेम, बाबा अजून त्या झाडूशेजारीच आहेत का?"

"व्हॅक्यूम क्लीनर आहे तो, मूरिएल."

"ईस्टरपर्यंत मुदत देते. ईस्टरला मी येणार. तोवर त्यांची सोय झाली नसेल तर मी त्यांना घेऊन जाणार आणि आमच्या गुलाबांच्या वाफ्यात घालणार. राखेने गुलाब छान धरतात, असं रेजिनाल्ड म्हणतो."

रेजिनाल्ड म्हणजे तिचा नवरा. बाबांना या माणसाचं तोंड बघवत नसे. लग्नाच्या फोटोत बाबा मुद्दाम मान फिरवून उभे आहेत, आणि फोटोग्राफरने दोनदा काढूनही तसेच उभे आहेत. त्या बाबांवर रेजिनाल्डने रोज संध्याकाळी झारीने पाणी घालावं, ही कल्पनाच मला सहन होईना. जेवण जाईना. बेरिलला म्हटलं, काहीही झालं तरी ईस्टरच्या आत ऑकरल शोधायचं.

शेजारचे डेझमंड टफनेल कुंपणावरून सगळं ऐकत असतात. त्यांना ते कुंपण त्याचसाठी बुटकं हवं होतं. ते म्हणाले, "पॉबजॉय, एका नळीत थुंकायचं आणि नळी पोस्टाने पाठवायची. तुमचं गाव घरबसल्या कळतं. मी थुंकलो. मी तीन आणे डेन्मार्कचा निघालो."

"गाव कळलं का पण?"

"गाव नाही. डेन्मार्क."

त्यांच्या सौभाग्यवती ग्वेंडाबाईंनी तर आमच्याच स्वयंपाकघरात सफोक जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि त्यावर दोऱ्याला बांधलेली लग्नाची अंगठी फिरवली. अंगठी बराच वेळ गोल गोल फिरून अखेर लाल डागावर थांबली. ग्वेंडाबाईंचे डोळे पाण्याने भरले. तो डाग जॅमचा होता. तरी त्या जायच्या आधी मला दोनदा म्हणाल्या, की त्या भागात एकदा जाऊन यायला हरकत नाही.

मी मात्र शिस्तीने चालणारा माणूस आहे. विमा कंपनीत दावे तपासण्यात माझी उभी हयात गेली. आपोआप फुटलेल्या खिडक्या आणि स्वतःहून पेटलेले पडदे मी नुसत्या अर्जावरून ओळखत असे. मला वाटलं, माणूस जिवंतपणी काय वाटेल ते बोलतो, पण मृत्युपत्रात खरं गाव लिहितो. तेव्हा पॉबजॉय घराण्यातली जुनी मृत्युपत्रं काढायची, त्यात गावाचं नाव कसकसं लिहिलंय ते मांडायचं, आणि तो माग धरून गाव गाठायचं. योजना इतकी सुरेख होती की मी ती बेरिलला दोनदा ऐकवली.

जुनी मृत्युपत्रं जिल्ह्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात आणि आत शिरायला कार्ड लागतं. कार्डासाठी मी क्लेमेंट पॉबजॉयच आहे याचा पुरावा मागितला, तो मी दिला. मग मी जिथे राहतो तिथेच राहतो याचा पुरावा मागितला. विजेचं बिल बेरिलच्या नावावर. पाण्याचं बेरिलच्या नावावर. घरपट्टी बेरिलच्या नावावर. माझ्या नावावर घरात काय आहे म्हणून आम्ही कपाटं उपसली, तेव्हा क्रिमेटोरियमची पावती तेवढी निघाली. ती काउंटरवर ठेवली तर तिथल्या बाईंनी ती बोटाच्या टोकाने परत सरकवली. "ही चालत नाही, सर. हिच्यावरून तुमचा पत्ता क्रिमेटोरियम होतो." मेलेल्या पॉबजॉयांना गाव होतं आणि जिवंत पॉबजॉयला स्वतःचं घर सिद्ध करता येत नव्हतं. अखेर बेरिल सोबत आली आणि तिने लेखी दिलं की हा माणूस माझ्या घरी राहतो. काउंटरवरच्या बाईंनी सहानुभूतीने तिच्याकडे पाहिलं.

आत गेलो तर कोट काढून ठेवा. पेन काढून ठेवा, इथे पेन्सिलच. खोकल्याची गोळी थुंका. मग एका मऊ, उतरत्या उशीवर मृत्युपत्र आणून ठेवलं. तसली उशी मला माझ्या मानेसाठी कधी मिळाली नाही. अक्षर असं की एखादी कोंबडी शाईत पाय बुडवून घाईने कुठेतरी निघाली असावी. माझं मोठं भिंग होतं, पण मी वाकलो की "सर, श्वास कागदावर सोडू नका," अशी सूचना यायची. श्वास बाजूला सोडून वाचायला मी तीन आठवड्यांत शिकलो. घरी जेवतानाही मान वळवून श्वास सोडायला लागलो, तेव्हा बेरिलने डॉक्टरांचा विषय काढला.

पण गाव मात्र हाताला लागत होतं! एका मृत्युपत्रात "ओकरहॉल". दुसऱ्यात "अकरोल". तिसऱ्यात "हॉकरेल". मरणाऱ्याने बोलायचं आणि लिहिणाऱ्याने कानाला पटेल तसं लिहायचं, असा तेव्हाचा कारभार. आता नकाशात बघितलं तर या सगळ्यांशी जवळचं एकच गाव, जिल्ह्याच्या पार पश्चिमेला टेकडीवर वसलेलं, हॉकरवेल. आधीच्या माणसांनी टप्प्याटप्प्याने "वेल" लावला असणार, हे मी तक्ता काढून सिद्ध केलं. तक्ता मी फ्रिजवर लावला.

बेरिलने मृत्युपत्राची नक्कल वाचली. हे तोबायस पॉबजॉयचं. "क्लेमेंट, यात लिहिलंय, 'माझी सगळी जाळी थोरल्या मुलाला.' जाळी कसली?"

"सशांची. टेकडीवर ससे असतात."

"'आणि दोन्ही मुलांना एकेक वल्हं.'"

मी भिंग पुसलं. "गावात तळं असेल."

"एकेक वल्हं? दोघं भांडले की होडी जागच्या जागी गोल फिरणार."

"बेरिल, त्या काळच्या माणसाच्या भावना आपल्याला कळणं अवघड आहे."

"समुद्र हॉकरवेलपासून किती लांब आहे रे?"

मी फ्रिजवरचा तक्ता जरा सरळ केला. आत कुठेतरी धाकधूक होती, नाही असं नाही. विम्याच्या अर्जात हे वल्हं दिसलं असतं तर मी त्या माणसाला उभा-आडवा सोलून काढला असता. पण ईस्टर जवळ आला होता, आणि रेजिनाल्डने नवीन झारी घेतली असल्याचं मूरिएलने फोनवर कळवलं होतं.

मी हॉकरवेलच्या चर्चला पत्र लिहिलं. गावाबाहेरच्या माणसाला तिथल्या दफनभूमीत जागा हवी तर पाद्रीबुवांची आणि चर्चच्या कमिटीची मंजुरी लागते. मी सगळा पुरावा जोडला. तक्ता, नकला, वल्ही, सगळं. काही दडवायचं नाही हा माझा स्वभाव. उत्तर आलं चर्चच्या कारभारीणबाईंचं, ऑनर अलरडाइस नावाच्या. "प्रिय मिस्टर पॉबजॉय, आपलं संशोधन आम्हाला फारच रंजक वाटलं. कमिटीत यावर सविस्तर चर्चा झाली. तळ्याबद्दल आपण विचारलंत. सध्या तरी गावात तळं नाही, पण कुणी सांगावं. आपण जरूर यावं."

मी बेरिलला धरून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. "मान्य केलं त्यांनी!"

"कुठे मान्य केलं? फारच रंजक म्हणाल्या आहेत."

इथे मला स्वतःबद्दल थोडं बोललं पाहिजे. मी इंग्रज आहे, इंग्रजांत वाढलो, तोंडावर "नाही" म्हणून कुणाला दुखवण्यापेक्षा इंग्रज माणूस आजारी पडणं पसंत करतो हे मला पुरतं ठाऊक आहे. टफनेलांनी त्यांच्या बागेतला सिमेंटचं बदक दाखवलं तेव्हा मी स्वतः "फारच रंजक" म्हणालो होतो. मावशीने विणलेला स्वेटर, बॉसची कविता, रेजिनाल्डचं दाढी ठेवणं, सगळ्याला मी आयुष्यभर हेच म्हणत आलो. पण आपल्याला कुणी तसं म्हणेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याच्या बदकाबद्दल माणूस हुशार असतो.

ईस्टरचा सोमवार ठरला. ओकच्या लाकडाची छोटी पेटी करून घेतली, बाबांना त्यात हलवलं. मूरिएल आदल्या दिवशीच आली आणि कपाट उघडून म्हणाली, "बघ, इथे किती जागा झाली." सकाळी निघता निघता शनिवारी आलेलं, न फोडलेलं टपाल दिसलं. रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट होतं. मागे कधीतरी मागवलेली एका मृत्युपत्राची नक्कल. मी ते खिशात कोंबलं. बेरिल गाडी चालवत होती, मी पुढे बसलो, मागे मूरिएल आणि तिच्या शेजारी बाबा. पेटीला मूरिएलने सीटबेल्ट लावला. "बाबा जन्मभर उभे राहून प्रवास करत आले," ती म्हणाली, "आज बसू देत."

अर्ध्या वाटेवर एका नर्सरीत थांबलो. तिथे रोपं बघत बघत चहा पिऊन स्वच्छतागृहात जायचं, हा आमच्याकडचा प्रवासाचा रिवाज आहे. बायका आत गेल्या. मी गाडीत बाबांपाशी थांबलो, आणि काहीतरी चाळा म्हणून ते पाकीट फोडलं.

विल्यम पॉबजॉयचं मृत्युपत्र होतं. एव्हाना ते कोंबडीचं अक्षर मला सरळ वाचता येत होतं. "ऑकरल येथील माझं घर, जे समुद्राला लागून आहे, ते मी माझ्या बायकोला देतो, माझ्या मरणाआधी ते समुद्रात पडलं नाही तर."

ऑकरल, स्वच्छ बाबा म्हणायचे तसं. समुद्राला लागून. जाळी माशांची होती. वल्ही वल्हीच होती. आणि आम्ही बाबांना घेऊन समुद्राकडे पाठ करून टेकडीवर निघालो होतो, परक्या लोकांत, कायमचं ठेवायला. एवढ्यात मूरिएल दारातून येताना दिसली. मी घाबरून पाकीट बाबांच्या पेटीखाली सरकवलं आणि पुढे जाऊन बसलो.

"तुझा चेहरा असा का झालाय?" बेरिलने विचारलं.

"गाडीत वाचलं की मला मळमळतं."

"काय वाचत होतास?"

"बाकीचा रस्ता," मी म्हणालो. बेरिलने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली.

हॉकरवेलला पोचलो, तर सगळा गाव चर्चच्या फाटकात उभा. मी उतरून धावत पुढे गेलो. आत्ताच सांगायचं, मी ठरवलं होतं. पाद्रीबुवा गुलाबी चेहऱ्याचे तरुण गृहस्थ होते. त्यांना बाजूला घेतलं. "रेव्हरंड, मला एक महत्त्वाचं बोलायचं होतं. माझ्याकडून जरा गफलत..."

"नक्की बोलू या," ते माझा खांदा थोपटत म्हणाले, "पण अशा प्रसंगी मन हळवं होतंच. आपण चहानंतर बोलू."

मग मिसेस अलरडाइस. उंच, ताठ, डोक्यावर निळी हॅट. त्यांना म्हटलं, "बाई, ते तळं..."

"हो हो, तळं!" त्या घाईने म्हणाल्या. "आमच्या कर्नलसाहेबांना आता आठवतंय की त्यांच्या लहानपणी चर्चमागे एक डबकं होतं. पावसाळ्यात. चांगलंच खोल. आत या ना, काकडीचे सँडविच झालेत, अंड्याचेही आहेत. आमच्या बायका पहाटेपासून कामाला लागल्यात."

कर्नलसाहेब मागे उभे होते. त्यांनी मान हलवली. हात पसरून डबक्याचं माप दाखवलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून माप थोडं वाढवलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, ओरडून सांगायचं होतं, थांबा, हे आमचं गाव नव्हे! सांगणं सोपं आहे. तुम्ही तो केक पाहिलेला नाही. त्यावर साखरेच्या अक्षरांत "स्वागत, पॉबजॉय" असं लिहिलं होतं. चर्चमध्ये सगळीकडे पिवळी नरगिसांची फुलं होती. एक म्हातारे गृहस्थ बाबांसाठी घंटा वाजवायला हातात दोर धरून तयार उभे होते, आणि त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता. अशा माणसांना मी काय सांगणार, की तुमचं गाव चुकलंय?

खड्डा सुरेख खणला होता. चौकोनी, कडा कापल्यासारख्या. मूरिएलने पेटी गाडीतून आणून माझ्या हातात दिली. पाद्रीबुवा वाचू लागले. माझे हात इतके थरथरत होते की पेटीत बाबा हलल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाने माझा धीर सुटला. मी ठरवलं, गेला केक खड्ड्यात. मी घसा साफ केला. सगळे माझ्याकडे बघू लागले. "एक मिनिट," मी म्हणालो, "मला काहीतरी सांगायचंय."

आणि त्याच क्षणी मूरिएल रडली.

मूरिएलला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा नाही, बाबा गेले तेव्हा नाही. तिने माझा दंड गच्च धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मोठ्याने म्हणाली, "क्लेम, आले रे बाबा घरी. आता कुठे घरी आले."

मी खाली वाकलो आणि बाबांना ठेवलं. मनात म्हटलं, बाबा, माफ करा. विचारलं होतं हो सगळ्यांना, पण कुणी सांगितलं नाही. घंटा वाजली. मग मी अंड्याचे चार सँडविच खाल्ले. रडू येत असताना सँडविच खाणं सोपं नाही, पण बायका ताटल्या घेऊन समोरच उभ्या होत्या. परत गाडीत बसलो तेव्हा पाकीट सीटवर उघडं पडलेलं दिसलं. ते मी पटकन उचलून कोटाच्या आत घातलं. मूरिएल खिडकीतून मेंढ्या बघत होती.

पुढचे काही महिने माझं कशात लक्ष लागेना. जिन्याखालच्या कपाटासमोरून जाताना मी तोंड फिरवायचो. बेरिलला सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुला, समुद्र किती लांब आहे." आपलं म्हणणं खरं ठरल्यावर ती पुन्हा पुन्हा ते बोलून दाखवत नाही, हा तिचा मोठेपणा. पण टोस्टला लोणी लावताना चाकूची वल्ह्यासारखी हालचाल करायची.

अखेर मी एकटाच हॉकरवेलला गेलो आणि मिसेस अलरडाइसच्या दारात उभा राहिलो. त्या बागेतच होत्या. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. समुद्र, जाळी, विल्यम पॉबजॉय, सगळं. त्या शांतपणे ऐकत वाल सोलत राहिल्या.

"आम्हाला ते पहिल्याच पत्रावरून कळलं होतं, मिस्टर पॉबजॉय."

"कळलं होतं? मग सांगितलं का नाही?"

"कमिटीत तीच तर चर्चा झाली. कर्नलसाहेब म्हणाले, त्यांना स्पष्ट कळवलं पाहिजे. सगळ्यांना पटलं. मग कुणी कळवायचं हा प्रश्न आला. रेव्हरंड म्हणाले, मी गावात नवा आहे. कर्नल म्हणाले, माझं अक्षर चांगलं नाही. मी दोनदा पत्र लिहायला घेतलं, पण तुमचा तो तक्ता समोर होता हो. इतक्या नीट रेघा मारल्या होत्या तुम्ही! मग पुढच्या बैठकीत असं ठरलं, की नाही म्हणण्यापेक्षा परवानगी देणं एकंदरीत सोपं जाईल."

"आणि ते डबकं?"

"ते कर्नलसाहेबांना ऐन वेळी सुचलं. तुमचा चेहरा बघवेना म्हणे." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "त्यांना हलवायचं असेल तर चर्चच्या कोर्टात अर्ज करावा लागेल. पुरलेल्या माणसाला सहसा उठवू देत नाहीत. पण तुम्ही म्हणाल तर आम्ही सह्या करू. अर्ज आम्ही फारच..." त्या थांबल्या. "नाही. तुम्हाला खरं सांगते. आम्हाला वाईट वाटेल. त्यांच्या शेजारी हॅरिएटबाई आहेत, त्यांच्याकडे कुणी यायचं नाही. आता तुमची बहीण दर महिन्याला येते, ती दोघांनाही फुलं ठेवते."

"मूरिएल? दर महिन्याला?"

"तुम्हाला माहीत नाही? आमच्या फुलांच्या कमिटीवर घेतलंय आम्ही त्यांना."

रेकॉर्ड ऑफिसातल्या किनाऱ्याच्या जुन्या नकाशात खरं ऑकरल एकदाचं सापडलं होतं; पुढच्या रविवारी मी बेरिलला घेऊन ते बघायला गेलो. बघायला म्हणजे काय, कडा आहे, खाली तपकिरी पाणी आहे. घरं, चर्च, दफनभूमी, सगळं केव्हाच समुद्रात गेलंय. काठावर एक पाटी आहे, कड्याजवळ जाऊ नका म्हणून, तीही समुद्राकडे झुकलेली. वाऱ्याने माझी टोपी उडून गेली. मग मला आठवलं, पुलावरून बस जाताना बाबा डोळे मिटून घ्यायचे आणि चुकीची तिकिटं फाडायचे. पाण्याची एवढी धास्ती होती त्यांना. आम्हाला समुद्रावर नेलं तरी स्वतः पाठ करून बसायचे. मी बेरिलला म्हटलं, "हॉकरवेल इथून दिसतसुद्धा नाही."

"म्हणजे तिथून हे दिसत नाही," बेरिल म्हणाली, आणि माझ्या डोक्याला तिचा स्कार्फ बांधला.

मी कोर्टात अर्ज केला नाही. हॉकरवेलच्या कमिटीवर मात्र मलाही घेतलं, गवत कापायच्या पाळीसाठी. तरी एक सल राहिलाच. मूरिएलला काही माहीत नाही. ती बिचारी दर महिन्याला क्रॉयडनहून इतक्या लांब येते, बाबा घरी आले या समाधानात फुलं ठेवते, आणि मी शेजारी गवत कापत गप्प. कितीदा ओठांवर आलं. पण तिचे ते खड्ड्यापाशीचे शब्द आठवायचे आणि मी कापणीयंत्र जोरात सुरू करायचो.

परवाच्या बैठकीत मिसेस अलरडाइसनी एक पत्र वाचलं. कॅनडातल्या कुणा डेल्फीन कोवाल्चुक बाईंचं. त्यांनी जुन्या मृत्युपत्रांवरून शोध लावलाय की त्यांचे पूर्वज हॉकरवेलचे. त्यांना आईची रक्षा इथे ठेवायची आहे. पूर्वज बंदरावर दीपगृहाचं काम बघायचे, तर ते दीपगृह अजून उभं आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत रंगीत तक्ता जोडला होता.

पाद्रीबुवांनी चष्मा पुसायला घेतला. कर्नलसाहेब छताकडे बघत मनातल्या मनात कसलीतरी उंची मोजू लागले. सगळे हळूहळू माझ्याकडे वळले, कारण मी विमा कंपनीतला, स्पष्ट बोलणारा, शिवाय या विषयातला अनुभवी. मी उठलो. या बाईला खरं सांगायचं, हे मी पक्कं केलं होतं. निदान हिच्या आईचं तरी असं व्हायला नको. मी तोंड उघडलं.

"फारच रंजक," शेजारून मूरिएल म्हणाली. "लिहा त्यांना, जरूर या म्हणावं. अंड्याचे सँडविच मी आणि क्लेम करू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी खाली बसलो. मूरिएल माझ्या कानाशी वाकली. "त्या बाईला दीपगृहाबद्दल अवाक्षर बोलायचं नाहीस. आणि यापुढे पाकीट कुठे ठेवायचं असेल तर बाबांच्या खाली ठेवू नकोस. पेटी उचलायची मलाच होती ना."

"म्हणजे तू... खड्ड्यापाशी... तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"तू घसा साफ केलास. म्हटलं, आता हा बोलणार आणि बाबा परत व्हॅक्यूम क्लीनरशेजारी जाणार."

"आणि ते रडणं?"

मूरिएलने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला.

"बोलले ते मुद्दाम बोलले," ती म्हणाली. "रडले ते खरं."